दर चैत्रात वासरं आंधळी होतात, दात खातात: सुई दिली, पेंड बदलली, तरी परत येणारा त्रास

लक्षणं आधी सांगतो. तुमच्या गोठ्यात आत्ता हेच चाललं असेल तर आमची कहाणी वाचत बसायला तुम्हाला वेळ नाही.

तीन-चार महिन्यांचं रेडकू, नाहीतर कालवड. दावणीला उभी, पण डोकं भिंतीला लावून रेटत असते. दात करकरा खाते. कान आणि पापण्या फडफडतात, मानेची कातडी थरथरते. रवंथ बंद. सोडलं तर खांबाला धडकते, गव्हाणीत पाय घालते. ताप नसतो किंवा नावाला असतो. मोबाइलची बॅटरी डोळ्यावर मारली तर बाहुली आकसते, पण हात झटकन डोळ्यापुढं नेला तर पापणी मिटत नाही. म्हणजे डोळा शाबूत, बघणं मेंदूत बंद पडलंय. मोठ्या जनावरात एवढा तमाशा होत नाही. ते वैरण टाकतं, दुधाला उतरतं, शेण कधी घट्ट कधी पातळ, आणि मालक म्हणतो, "ऊन लागलं असंल."

असं दिसलं तर तोंडात उघडा हात घालू नका, गोळी भरवायला तर नाहीच. पिसाळलेलं जनावरही सुरुवातीला असंच वागू शकतं. डॉक्टरांना बोलवा, ओळखीचे नसतील तर 1962 ला फोन लावा. जनावर त्या जागेवरून हलवा, त्याच्या पुढ्यातली वैरण काढून बाजूला ठेवा; टाकू नका, लागणार आहे. आणि डॉक्टर आले की एवढंच म्हणा: साहेब, सर्रा बघा, थायमिन द्या, सगळं करा, पण औषधाआधी शिशासाठी रक्त काढून ठेवा. (सर्रा म्हणजे माश्या चावून पसरणारा रक्तातल्या परजीवीचा आजार, थायमिन म्हणजे ब-1 जीवनसत्त्व.)

शिसं हा शब्द आम्हाला सुचायला तीन उन्हाळे लागले.

मी मिरज तालुक्यातल्या एका गावात दूध संस्थेचा सचिव आहे. कुपवाडच्या एमआयडीसीकडं जाणाऱ्या पोरांच्या मोटरसायकली रोज पहाटे आमच्या संकलन केंद्रावरून जातात, एवढं जवळ. पहिल्या वर्षी चुलतभावाच्या, म्हणजे आमच्या अण्णांच्या गोठ्यातली मुऱ्हा रेडी गेली. वहिनींनी फोन केला, "भावजी, या बगा जरा, हिला दिसंना झालंय." मी गेलो तर रेडी कडब्याच्या गंजीत तोंड खुपसून उभी, खात काही नव्हती. सर्रा म्हणून सुई झाली. तिसऱ्या दिवशी गेली. आपल्याकडं म्हशीनं गोल फिरायला सुरुवात केली की सर्रा, हे ठरलेलंच. डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्या दिवशी मीही तेच म्हणालो असतो.

दुसऱ्या वर्षी चैत्र-वैशाखात दोन गोठ्यांत तीन वासरं. आता संशय पेंडीवर. त्या महिन्यात संस्थेतून नवी गोळी पेंड वाटली होती, त्यामुळं शिव्या मलाच. पेंड बदलली. जूनमध्ये पाऊस लागला आणि त्रास थांबला. झालं, सगळ्या गावानं ठरवलं की पेंडच वाईट होती. मीही ठरवलं. ही आमची सगळ्यात महागाची चूक. उपाय केला आणि दुखणं थांबलं, म्हणजे उपायानंच थांबलं असं होत नाही. त्याच पंधरवड्यात आणखी काय बदललं ते बघायचं असतं. आमच्याकडं पाऊस पडला होता.

तिसऱ्या वर्षी वेगळी पेंड, वेगळं मिनरल मिक्श्चर आणि पुन्हा तेच. या वेळी पशुवैद्यकीय दवाखान्यात नवी डॉक्टरीण आली होती, शिरवळच्या कॉलेजातून शिकून आलेली. तिनं वासरू बघितलं, डोळ्यावर बॅटरी मारली, आणि सुई भरायच्या आधी विचारलं, "आप्पा, इथं जवळपास बॅटऱ्या फोडतं का कुणी?" आपल्याकडं टॉर्चलाही बॅटरीच म्हणतात, मला वाटलं ती हातातल्या मोबाइलबद्दलच काहीतरी बोलतेय. तिला ट्रकच्या, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या म्हणायच्या होत्या.

रक्ताचा अहवाल आला. रक्तात 0.35 पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) वर शिसं गेलं आणि अशी लक्षणं असली की जनावरात विषबाधा धरतात. आमची दोन वासरं आणि एक गाय त्या रेषेच्या पलीकडं होती. गाय दिसायला ठणठणीत, दोन्ही वेळच्या धारेला भरपूर दूध देणारी.

आधी काय वगळायचं

शिशावर उडी मारायच्या आधी बाकीचे संशयित तपासा, नाहीतर आम्ही पेंडीच्या मागं लागलो तसे तुम्ही भंगारवाल्याच्या मागं लागाल.

ज्वारीचा कोवळा फुटवा खाऊन किराळ (त्यातल्या सायनाइडची बाधा) लागली तर जनावर काही मिनिटांत धापा टाकत पडतं, दिवसभर भिंत रेटत बसत नाही. युरियाची गडबड असेल तर पोट फुगतं, तोंडाला फेस येतो आणि तेही तासाभराच्या आतलं काम असतं. द्राक्षबागेतल्या कीटकनाशकाची बाधा असेल तर लाळेच्या तारा सुटतात आणि बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. मिरज-तासगावकडं हे कायम डोक्यात ठेवा. (बागेच्या छाटणीचा पाला शेळ्या-मेंढ्यांना घालणाऱ्यांना एक सांगणं: फवाऱ्यातल्या मोरचुदातलं तांबं मेंढीला सोसत नाही, म्हशीपेक्षा फार लवकर बाधतं.) हिरवं न मिळालेल्या जनावराला अ जीवनसत्त्व कमी पडून आंधळेपण येतं, पण ते आधी रातांधळं होतं आणि बाहुली उजेडाला आकसत नाही. सर्रा आणि थायलेरिया (गोचिडातून येणारा ताप) रक्ताच्या काचेवर दिसू शकतात. थायमिन कमी पडलं तर चित्र जवळपास शिशासारखंच असतं, म्हणून डॉक्टर दोन्ही धरून चालतात. शिशाच्या बाधेतही थायमिन देतातच, त्यात नुकसान नाही.

शिशाची खूण एकच पक्की: रक्त. तेही अख्खं. शिसं तांबड्या पेशींना चिकटून फिरतं, त्यामुळं सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी) पाठवलं तर अहवाल खोटा दिलासा देतो. हेपरिन किंवा ईडीटीएची नळी (रक्त साकळू न देणारी), बर्फात, गोठवायची नाही, आणि चिठ्ठीवर "शिसे तपासणी" असं ठळक लिहायचं. नुसतं "विषबाधा?" लिहिलंत तर प्रयोगशाळा कशाकशाची तपासणी करणार? आणि आजारी जनावराबरोबर त्याच दावणीच्या एक-दोन धडधाकट जनावरांचंही काढा. आमचं सगळं चित्र त्या धडधाकट गाईनं उलगडलं.

जनावर मेलं असेल तर पोस्टमॉर्टेमशिवाय पुरू नका. यकृत, मूत्रपिंड आणि जाळीच्या पोटातला गाळ वेगवेगळ्या बाटल्यांत घ्यायला सांगा. शिसं जड, ते जाळीच्या पोटात तळाला बसतं. कधी राखाडी चुरा नुसत्या डोळ्यांना दिसतो. विष तपासायचं असेल तर फॉर्मलिनमध्ये बुडवायचं नाही. पुढं भरपाईचा किंवा पोलिसांचा विषय निघाला तर नमुना सीलबंद होऊन पंचनाम्यासह जावा लागतो, म्हणून तलाठी-पोलीसपाटलाला त्याच दिवशी कळवलेलं बरं.

कुठून आलं, ते कसं शोधलं

अहवाल आल्यावर गावात तीन मतं. ओढ्याचं पाणी, पेंड, नाहीतर करणी. करणीवाल्यांना सोडून देऊ.

पाण्याचा संशय साहजिक होता. सांगलीत शेरीनाल्यावरून (शहराचं सांडपाणी कृष्णेत नेणारा नाला) किती वर्षं आरडाओरडा चाललाय, उन्हाळ्यात कृष्णेत मासे तरंगले की पेपरात फोटो येतो. पण आमच्याकडं जनावरं बोअरचं पाणी पितात, आणि त्याच बोअरवरच्या निम्म्या गोठ्यांत काहीच नव्हतं. पेंड तर अख्ख्या गावाला एकच.

मग मी संस्थेच्या रजिस्टरातून तीन वर्षांतल्या आजारी जनावरांचे मालक काढले, सहा गोठे, आणि प्रत्येकाला एकच विचारलं: वैरण कुठली? सहाही जण ओढ्याच्या कडेच्या एकाच पट्ट्यातलं हत्तीगवत नाहीतर कडवळ कापत होते. त्या पट्ट्याच्या पश्चिमेला, बांधापलीकडं, एक शेड होतं. दिवसा कुलूप, रात्री धूर. "भंगाराचं काम हाय," एवढंच सगळ्यांना ठाऊक. पावसाळ्यात तिथं जायची वाट चिखलात जाते, त्यामुळं काम दिवाळीनंतर सुरू होऊन मे-अखेर चालायचं. उन्हाळ्यातला दुपारनंतरचा वारा पश्चिमेचा. पाऊस नाही, त्यामुळं पानावर बसलेलं पानावरच. जूनच्या पहिल्या दोन पावसांत पानं धुतली जायची आणि आम्ही म्हणायचो, पेंड बदलल्यानं गुण आला!

डॉक्टरिणीनं एक साधी युक्ती सांगितली, ती कुणालाही जमेल. एकाच वाफ्यातल्या हत्तीगवताच्या दोन पेंढ्या घ्यायच्या. एक तशीच पिशवीत घालायची. दुसरी तीन पाण्यांतून खळबळून धुवून, निथळून, वेगळ्या पिशवीत. दोन्ही प्रयोगशाळेला. धुतलेल्यात शिसं एकदम उतरलं तर ते वरून बसलेलं, म्हणजे धूर आणि धूळ. दोन्हींत सारखंच राहिलं तर ते मुळातून आलेलं, म्हणजे माती किंवा पाणी. आमच्यात धुतलेल्या पेंढीचा आकडा बराच खाली आला. पहिल्या पाण्याच्या घमेल्यात तळाला करड्या रंगाची बारीक साय बसली होती. अण्णांनी त्यात बोट फिरवलं आणि विजारीला पुसलं. मी ओरडलो त्यांच्यावर, मोठे भाऊ असून.

शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडून प्लेटा वितळवत होते. शिसं 327 अंशालाच वितळतं, त्याला मोठा कारखाना लागत नाही. भट्टी, कोळसा, ब्लोअर आणि रात्र एवढं पुरतं. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसंच असतं, म्हणून त्यात पैसा आहे. 2001 पासून देशात बॅटऱ्यांचे नियम आहेत, 2022 मध्ये नवे आले. जुनी बॅटरी नोंदणीकृत ठिकाणीच जायला हवी. पण बॅटरी विकताना आपण काय बघतो? कोण शंभर रुपये जास्त देतो ते. आमच्याच गावातल्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या तिथं गेल्या असणार. माझीही गेली असेल.

तक्रार ग्रामपंचायतीच्या ठरावासह प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं दिली, जोडीला रक्ताचे आणि वैरणीचे अहवाल. नुसत्या "धूर येतो"वर काही हलत नाही. अहवालाचा कागद असला की पंचनाम्याला माणूस येतो. शेड बंद झालं. ते कसं, किती फेऱ्या मारून, ते पुन्हा कधीतरी.

दुधाचं काय?

हा भाग लिहायचा कंटाळा येतो, पण टाळता येणार नाही. अहवाल आला त्या सकाळी त्या धडधाकट गाईचं दूध संकलनात जाऊन टँकरनं पुढं निघालं होतं. आमच्या यंत्रावर फॅट लागतो, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लागतो, पाणी लागतं. शिसं लागत नाही. लॅक्टोमीटर काही बोलत नाही, वास नाही, चव नाही, उकळून जात नाही. देशात दुधातल्या शिशाची मर्यादा किलोला 0.02 मिलीग्रॅम आहे. हे मोजायचं यंत्र कुठल्याही गावच्या केंद्रावर नसतं, आणि असूही शकत नाही.

शिसं-जस्त गाळणाऱ्या कारखान्यांच्या आसपास चरणाऱ्या गाईंच्या रक्तात आणि दुधात शिसं जास्त असतं, हे इज्जतनगरच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आपल्याच देशातल्या गाई तपासून दाखवलंय. दुधात ते केसिनला, म्हणजे दुधाच्या प्रथिनाला चिकटतं. पनीर-खव्यात जाणार, तुपात फारसं नाही. डायॉक्सिन आणि पीसीबीचं (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं रसायन) बरोबर उलटं: ती चरबीत बसतात, म्हणून साय, लोणी, तूप. तांब्याच्या वायरी जाळून वरचं प्लास्टिक उडवणाऱ्यांच्या धुरातून डायॉक्सिन तयार होतं. धूर सारखाच काळा, पण विष वेगळं आणि दुधातली त्याची जागाही वेगळी. त्यामुळं "तूप करून वापरू" हा शहाणपणा सरसकट चालत नाही.

आम्ही त्या सहा गोठ्यांचं दूध थांबवलं. वासरांनाही पाजलं नाही. मोठ्या रवंथ करणाऱ्या जनावरात पोटात गेलेल्या शिशापैकी शेकडा एक ते तीन भागच रक्तात उतरतो, बाकी शेणातून जातं. दुधावरचं वासरू मात्र त्याच्या कित्येक पट शोषून घेतं. लहान पोरांचंही तसंच. मी अण्णांच्या अंगणात बसून हे समजावून सांगत होतो, आणि वहिनी चुलीपुढनं तिथनंच म्हणाल्या, "मग पोरीला काय पाजलं आमी तीन वर्सं?"

याला उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी सांगलीला नेऊन धाकटीचं रक्त तपासलं. जागतिक आरोग्य संघटना 100 मिलीलीटर रक्तात 5 मायक्रोग्रॅमच्या वर शिसं असलं की मूल कुठून शिसं घेतंय ते शोधून थांबवा म्हणते. (जनावराच्या अहवालातला 0.35 पीपीएम म्हणजे या हिशेबात 35. दोन अहवाल शेजारी ठेवताना एककं बघा, आम्ही घोळ घातला होता.) पोरीचा आकडा 5 च्या वर आला. औषध लागलं नाही. डॉक्टरांनी मूळ बंद करा, लोह आणि कॅल्शियम मिळेल असं खायला द्या, जेवणाआधी हात धुवा, गोठ्यातली धूळ ओल्या फडक्यानं काढा, आणि तीन महिन्यांनी परत या, एवढं सांगितलं. परत गेलो तेव्हा आकडा उतरला होता.

जनावरांना डॉक्टरांनी कॅल्शियम ईडीटीए (शिसं बांधून लघवीवाटे काढणारं औषध) शिरेतून दिलं, थायमिन दिलं, तोंडातून मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) पाजलं, म्हणजे पोटात उरलेलं शिसं न विरघळणारं होऊन शेणावाटे जातं. एक वासरू वाचलं, एक गेलं. मात्रा मी मुद्दाम लिहीत नाही. ईडीटीए चुकीचं दिलं तर मूत्रपिंड जातं. ते डॉक्टरांनीच द्यायचं.

एक गोष्ट विसरू नका: जे शेण बाहेर पडतं ते उकिरड्यात जातं, तिथून शेतात, आणि शेतातून परत वैरणीत. त्या तीन महिन्यांचं शेण आम्ही वेगळं टाकलं. मेलेलं जनावर कातडी-मांसाला दिलं नाही, कुत्र्यांना उकरता येणार नाही एवढ्या खोल पुरलं.

शेड बंद झालं, तरी परत आलं

चौथ्या चैत्रात आम्ही निर्धास्त होतो. त्या पट्ट्यातली वैरण बंद केली होती, वरची राखेची माती मंडळाच्या देखरेखीखाली उचलून रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या जागेकडं गेली होती. आणि अण्णांच्याच गोठ्यात कालवड दात खायला लागली.

मी सकाळी सहाला गेलो आणि काही न बोलता गोठ्यात पाटावर बसलो. तासभर. वैरण ऊसाच्या वाढ्याची, दुसऱ्या शिवारातली. पाणी तेच. कालवड दाव्याला ताण देऊन मान वाकडी करत होती आणि कोपऱ्यातल्या काळ्या डब्यात जीभ घालत होती. डबा चौकोनी, आत मधोमध पडदे, हाताला जाड प्लास्टिक. अण्णांनी त्यात मीठ आणि मिनरल मिक्श्चर ठेवलं होतं, जनावरांना हवं तेव्हा चाटायला. चांगलीच सवय, मीच संस्थेच्या बैठकीत सांगितली होती. डबा मात्र वरून कापलेली ट्रकची बॅटरी होती. शेड उठलं तेव्हा बाहेर अशा रिकाम्या डब्यांचा ढीग पडला होता, गावानं उचलून नेला. कुणी त्यात तुळस लावली, कुणी कोंबड्यांना पाणी ठेवलं.

"धुतलाय की मी, सोड्यानं घासून," अण्णा म्हणाले. पडद्यांच्या खोबणीत चमच्याचं टोक घालून खरवडलं तर करडी पेस्ट निघाली, वाळलेल्या चुन्यासारखी. मिठानं ओलावा धरला, जनावरानं चाटलं, रोज थोडं थोडं. गाई-म्हशींना शिशाचा तिटकारा नसतो, उलट आवडीनं चाटतात. फॉस्फरस कमी असलेलं जनावर तर हाडं, चिंध्या, माती काहीही चघळतं. संध्याकाळपर्यंत गावातनं एकोणतीस डबे गोळा केले.

म्हणून तुमच्याकडं पहिलं मूळ सापडल्यावर शोध थांबवू नका. एकदा शिसं आलं की त्याचं सामान गावात पसरतं. भट्टीची राख खडी म्हणून गोठ्याच्या जमिनीत दाबलेली असते. बॅटरीच्या शेडचा पत्रा वैरणीवर आलेला असतो. रंगाचे रिकामे डबे पाण्याला लागतात. गोचिडाला जळकं ऑइल चोपडायची जुनी खोड अजून आहे, आणि जनावर स्वतःला चाटणारच.

आणि पोती. कुपवाडला भंगारात रिकामी पोती स्वस्त मिळतात, निम्मा गाव त्यात कुट्टी भरतो. आधी त्यात काय होतं? पोत्यावर इंग्रजीत काहीतरी, ते कुणी वाचत नाही. पोत्यानं काय होतं हे ज्याला पटत नाही त्याला मी अमेरिकेतलं मिशिगन सांगतो. 1973 मध्ये तिथल्या एका रसायन कंपनीतून पशुखाद्याच्या गिरणीला मॅग्नेशियम ऑक्साइड जायचं होतं, त्याचं नाव न्यूट्रिमास्टर. त्याच कंपनीचं दुसरं उत्पादन फायरमास्टर, प्लास्टिकला आग लागू नये म्हणून मिसळायचं पीबीबी. नावं भावकीतली. पोत्यांची अदलाबदल झाली आणि फायरमास्टर राज्यभरच्या गाईंच्या आंबोणात गेलं. रिक हॅलबर्ट नावाच्या शेतकऱ्याच्या गाई दुधाला उतरल्या, खुरं वेडीवाकडी वाढली. तो शिकलेला केमिकल इंजिनिअर होता, म्हणून हटून बसला, पदरचे पैसे घालून नमुने तपासत राहिला. 1974 च्या वसंतापर्यंत विषाचं नाव कळलं नाही, तोवर लोक ते दूध पीत होते. सुमारे 30,000 गुरं मारून पुरावी लागली.

बेल्जियममध्ये 1999 साली पशुखाद्याच्या चरबीत ट्रान्सफॉर्मरचं तेल मिसळलं, दोन मंत्री गेले आणि निवडणुकीत सरकारही. हॉलंडमध्ये 2004 ला बटाटे निवडायला वापरलेल्या मातीतून डायॉक्सिन सालींत, सालींतून गाईत, गाईतून दुधात आलं. आपल्याकडंही कारखान्याचा चोथा, बीअरचा भुसा, स्टार्चचं उरलेलं ओलं खाद्य स्वस्तात मिळतं, आणि ते खायला घालण्यात गैर काही नाही. फक्त ज्या कारखान्यातनं येतं तिथं ते कशाकशातून गेलं, कशानं वाळवलं, कुठल्या टँकरनं आलं, हे विचारायला लाजू नका. आयर्लंडला 2008 मध्ये पावाचा चुरा वाळवणाऱ्या भट्टीच्या तेलानंच घात केला होता.

आता आम्ही काय करतो

पेंडीच्या प्रत्येक खेपेतलं अर्धा किलो पिशवीत बांधून, तारीख-बॅच लिहून, संस्थेच्या कपाटात चार महिने ठेवतो. पुढच्या वेळी पेंडीवर आळ आला तर तपासायला वस्तू हातात असेल. मिनरल मिक्श्चर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का असलेलंच, सुटं नाही. स्वस्त फॉस्फेटमधनं फ्लोराइड आणि कॅडमियम येतं, ते वेगळंच दुखणं, त्यात दात काळे पडून झिजतात आणि जनावर लंगडतं. चाटायला सिमेंटची लहान कुंडी. ओढ्याकडच्या पट्ट्यात वैरण नाही. वाचलेल्या वासराचं आणि त्या गाईचं रक्त दर चार महिन्यांनी. शिसं हाडात जाऊन बसतं आणि गाभण काळात, विल्यावर परत रक्तात उतरतं, त्यामुळं एका चांगल्या अहवालावर गाय सोडवून देता येत नाही. ती गाय अजून दुधाच्या यादीबाहेर आहे. अण्णा दर महिन्याला विचारतात, अजून किती दिवस. मागच्या अहवालात आकडा निम्म्यावर आलाय, पण ती सहा महिन्यांची गाभण आहे.

रजिस्टरात मी दोन रकाने वाढवलेत: "वैरण कुठल्या शिवारातली" आणि "पोतं कुठलं". दुसऱ्या रकान्यात बहुतेक जण अजून "पांढरं" असंच लिहितात.